एका तारखेवर इतके सगळे कसे? ९ नोव्हेंबरबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर

प्रश्न असा आहे: दिनविशेषात ९ नोव्हेंबर काढला की जर्मनीच्या इतिहासातल्या चार मोठ्या घटना एकाखाली एक दिसतात. १९१८ मध्ये राजेशाही संपली, १९२३ मध्ये हिटलरचा उठाव फसला, १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत खुली झाली. हा योगायोग आहे की यामागे काही सूत्र आहे? आणि अशा तारखांबद्दल लिहिताना काय तपासावे?

मी बरीच वर्षे दिनविशेषाचे संकलन करतो आणि आधुनिक युरोपचा इतिहास शिकवतो. हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. ‘योगायोग’ आणि ‘सूत्र’ ही दोन्ही उत्तरे इथे अपुरी पडतात. या चार घटनांपैकी शेवटची निव्वळ योगायोगाने त्या दिवशी आली, तिसरी मात्र आली नाही. दुसरी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. तारखेच्या अंगी स्वतःचे असे काहीच नसते, पण माणसांनी ती लक्षात ठेवली, तिच्या नावाने दरवर्षी जमू लागली, की तीच तारीख पुढच्या घटनेचे कारण होऊ शकते. आपण शोधायचे ते हे, की नंतरच्या घटनेतल्या माणसांना आधीची तारीख आठवत होती का, आणि त्या आठवणीने त्यांच्या हातून काही वेगळे घडले का.

आधी योगायोगाचा हिशेब करू, कारण तो बहुतेकांना चकवतो. वर्षाचे ३६५ खाने धरा आणि एखाद्या देशाच्या इतिहासातल्या १०० मोठ्या घटना त्यांत कशाही टाका. १०० घटनांच्या एकूण ४,९५० जोड्या होतात. त्यांना ३६५ ने भागले तर सरासरी तेरा-चौदा जोड्या एकाच तारखेवर येणारच. तीन घटना एका तारखेवर येण्याचा प्रकारही सरासरी एखादा सापडतो. म्हणजे दोन थोर व्यक्ती एकाच दिवशी जन्मल्या, दोन तह एकाच तारखेला झाले, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. अशा जोड्या मिळाल्या नसत्या तरच नवल. चार मोठ्या घटना एका खान्यात येणे मात्र खरोखर विरळ. अशा वेळी मी थांबून पाहतो की यांतल्या काही घटनांनी एकमेकींना ओढून आणले आहे का.

१९१८ पासून सुरुवात करू. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कीलच्या बंदरात खलाशांनी बंड केले आणि काही दिवसांत ते देशभर पसरले. सम्राट दुसरा विल्हेल्म तेव्हा बेल्जियममधल्या स्पा इथल्या लष्करी मुख्यालयात होता. ९ तारखेला दुपारच्या सुमारास चॅन्सेलर माक्स फोन बाडेन याने सम्राटाच्या पदत्यागाची घोषणा करून टाकली. विल्हेल्मने तोवर तशी संमती दिलेली नव्हती. त्याच दिवशी चॅन्सेलरपद फ्रीडरिख एबर्टकडे गेले. दुपारी दोनच्या सुमारास एबर्टचा पक्षसहकारी फिलिप शायडेमानने राइशस्टागच्या, म्हणजे संसदेच्या, इमारतीतून खाली जमलेल्या गर्दीसमोर प्रजासत्ताक जाहीर केले. एबर्ट त्याच्यावर संतापला, कारण हा निर्णय निवडून आलेल्या घटनासमितीने घ्यावा असे त्याचे मत होते. त्यानंतर दोन तासांनी जहाल डाव्या गटाचा पुढारी कार्ल लीबक्नेश्टने राजवाड्यापाशी दुसरे, समाजवादी प्रजासत्ताक जाहीर केले. विल्हेल्म १० तारखेला हॉलंडला गेला आणि पदत्यागाच्या कागदावर त्याने सही केली ती २८ नोव्हेंबरला.

हा घटनाक्रम इतका तपशिलात सांगण्याला कारण आहे. ‘९ नोव्हेंबर १९१८ : कैसरचा पदत्याग’ अशी एका ओळीची नोंद सर्रास दिसते. त्या दिवशी झाली ती घोषणा, पदत्याग कागदोपत्री एकोणीस दिवसांनी झाला. मी अशी नोंद ‘पदत्यागाची घोषणा’ अशीच लिहितो. एक शब्द वाढतो, पण नोंद खरी होते. ही घटना ९ तारखेलाच का झाली, याचे उत्तर त्या आठवड्यातल्या रेट्यात आहे. ती आधीच्या कुठल्या ९ नोव्हेंबरमुळे घडली नाही. १८४८ मध्ये याच तारखेला फ्रँकफुर्टच्या संसदेचा सभासद रोबर्ट ब्लूम याला व्हिएन्नाजवळ गोळ्या घालून मारले होते आणि जर्मन लोकशाहीवाद्यांच्या मनात ती आठवण होती. पण १९१८ ची तारीख तिच्यामुळे ठरली असे दाखवणारे काही नाही. दोन्ही घटना लोकशाहीशी जोडलेल्या, म्हणून जोडी आकर्षक वाटते. मी ती सूत्र म्हणून मांडत नाही.

दोन दिवसांनी, ११ तारखेला, युद्धविराम झाला. उजव्या गटांनी या दोन घटना एकत्र बांधून एक खोटी कथा रचली: सैन्य हरलेच नव्हते, राजधानीतल्या क्रांतिकारकांनी त्याचा पाठीत खंजीर खुपसून घात केला. हिटलरच्या भाषणांत ‘नोव्हेंबरचे गुन्हेगार’ हे शब्द सतत येत. नोव्हेंबरचा हा आठवडा त्याच्या राजकारणाच्या मुळाशीच होता.

म्हणून १९२३ चा उठाव ९ तारखेला झाला म्हटले की लोक लगेच म्हणतात, त्याने मुद्दाम पाचवा स्मरणदिन निवडला. इथे जरा जपून. उठावासाठी आधी ११ तारीख, म्हणजे युद्धविरामाचा दिवस, विचारात होती. पण बव्हेरियाचा सर्वाधिकारी गुस्ताव फोन कार ८ तारखेच्या संध्याकाळी म्युनिकच्या ब्युर्गरब्रॉयकेलर या बिअर हॉलमध्ये सभा घेणार, आणि बव्हेरियातले झाडून सारे वजनदार लोक तिथे येणार, असे कळल्यावर बेत अलीकडे आणला गेला. हिटलरने छताकडे गोळी झाडली आणि ‘राष्ट्रीय क्रांती’ सुरू झाल्याचे जाहीर केले. रात्रीत डाव विस्कटला. दुसऱ्या दिवशी दुपारी साधारण दोन हजार माणसांचा मोर्चा शहराच्या मध्यभागी फेल्डहेर्नहाले या स्मारकापर्यंत पोचला, तिथे पोलिसांशी गोळीबार झाला. चार पोलीस मेले. आपल्या बाजूच्या सोळा जणांची नावे नाझी पक्षाने पुढे हुतात्मे म्हणून मिरवली.

तेव्हा १९२३ बद्दल इतकेच म्हणता येते, की नोव्हेंबर मनात होता, पण नेमका दिवस एका सभेच्या वेळापत्रकाने ठरवला. तारखेचा प्रभाव आणि तारखेची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दिनविशेषात त्यांची गल्लत फार होते.

आता १९३८. या घटनेचा विचार केला की तारीख किती घातक होऊ शकते ते दिसते.

१९३३ मध्ये सत्ता आल्यावर नाझींनी त्या फसलेल्या उठावाचा वार्षिक सोहळा केला. ८ तारखेच्या संध्याकाळी त्याच बिअर हॉलमध्ये हिटलरचे भाषण होई आणि ९ ला जुन्या सहकाऱ्यांचा मोर्चा त्याच रस्त्याने निघे. १९३५ मध्ये त्या सोळा जणांच्या शवपेट्या म्युनिकच्या कोनिग्सप्लात्झवर खास बांधलेल्या स्मारकांत हलवल्या. एसएस या नाझी निमलष्करी दलात भरती झालेल्यांचा शपथविधीही याच रात्री होई. परिणाम असा, की दरवर्षी ९ नोव्हेंबरच्या रात्री पक्षाचे सगळे जुने पुढारी, प्रांताप्रांतांचे गाउलायटर म्हणजे पक्षप्रमुख, एसए या पक्षाच्या दुसऱ्या निमलष्करी दलाचे सेनानी एकाच शहरात असत, जुन्या सूडाच्या आठवणींनी तापलेले.

१९३८ च्या ऑक्टोबरअखेर जर्मनीने सुमारे १७,००० पोलिश ज्यूंना पकडून पोलंडच्या सरहद्दीवर नेऊन सोडले. त्यांत हानोफरचे एक ग्रिन्स्पान कुटुंब होते. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा हेर्शेल पॅरिसमध्ये राहत होता. ७ नोव्हेंबरला त्याने तिथल्या जर्मन वकिलातीत जाऊन एर्न्स्ट फोम राट या अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या. फोम राट दोन दिवस झुंजला आणि ९ तारखेला दिवस मावळताना मेला. तो त्याच दिवशी मरावा हा योगायोग. पण बातमी पोचली ती म्युनिकच्या जुन्या नगरगृहात, सोहळ्याच्या मेजवानीला बसलेल्या या सगळ्यांपर्यंत. हिटलर आपला प्रचारमंत्री गोबेल्सशी बोलला आणि भाषण न करता निघून गेला. रात्री दहाच्या सुमारास गोबेल्सने भाषण केले. पक्ष उघडपणे काही आयोजित करणार नाही, पण ‘उत्स्फूर्त’ निदर्शने झाली तर ती अडवणारही नाही, असा त्याचा रोख होता. समोर बसलेल्यांना अर्थ बरोबर कळला. ते उठले आणि आपापल्या प्रांतांत फोन लावू लागले.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी १,४०० हून अधिक सिनेगॉग जाळली किंवा उद्ध्वस्त केली गेली, सुमारे ७,५०० दुकाने फोडली गेली. जवळपास ३०,००० ज्यू पुरुषांना डाखाउ, बुखेनवाल्ड आणि झाक्सेनहाउझेनच्या छळछावण्यांत पाठवले. सरकारी आकडा ९१ मृत्यूंचा होता. मार, आत्महत्या आणि छावण्यांतले मृत्यू धरले तर खरी संख्या कितीतरी मोठी आहे. वर ज्यू समाजावरच एक अब्ज राइशमार्कचा दंड लादला.

हे सगळे ९ तारखेच्या सोहळ्यामुळेच झाले असे मी म्हणत नाही. हेसेन आणि कासेलच्या भागात ७ आणि ८ तारखेलाच दंगे सुरू झाले होते, आणि द्वेष तर वर्षानुवर्षे पेरलेला होता. पण एका रात्रीत, सगळ्या देशात, एकदम ही आग लागली ती हुकूम देणारे सारे एका छताखाली बसले होते म्हणून. ते तिथे होते कारण ती ९ नोव्हेंबरची रात्र होती. १९२३ काढून टाका, १९३८ ची ती रात्र तशीच घडली नसती. सूत्र म्हणायचे तर याला म्हणावे.

याच धाग्यावरची एक घटना दिनविशेषांत एक दिवस अलीकडे असल्यामुळे ९ च्या पानावर येत नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. गेओर्ग एल्झर हा दक्षिण जर्मनीतला सुतार. हिटलर आपल्याला युद्धाकडे नेतो आहे, हे त्याने १९३८ मध्ये ओळखले आणि एकट्याने त्याला संपवायचे ठरवले. हुकूमशहाचा ठावठिकाणा महिने आधी कळणे अवघड. पण वर्षातला एक दिवस, एक संध्याकाळ, एक सभागृह ठरलेले होते. एल्झर १९३८ च्या ८ नोव्हेंबरला म्युनिकला जाऊन जागा पाहून आला. पुढच्या वर्षी तीसहून अधिक रात्री तो त्या बिअर हॉलमध्ये लपून राहिला आणि व्यासपीठामागचा खांब आतून पोखरून त्यात घड्याळी बाँब बसवला. ८ नोव्हेंबर १९३९ ला तो रात्री ९:२० ला, ठरल्या वेळी फुटला. हिटलर १३ मिनिटे आधी निघून गेला होता. धुक्यामुळे विमान निघणार नव्हते, रेल्वे गाठायची होती, म्हणून भाषण लवकर संपवले. आठ जण मेले. एल्झर स्वित्झर्लंडच्या सरहद्दीवर पकडला गेला आणि ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिना उरला असताना, डाखाउमध्ये त्याला ठार केले. ज्या सोहळ्याने १९३८ चा अत्याचार सोपा केला, त्याच सोहळ्याचे ठरलेपण हिटलरच्या जिवावर उठले होते. दिनविशेषात हे नाव ८ नोव्हेंबरला यायलाच हवे, आणि शक्य असेल तर ९ च्या नोंदीशी जोडून.

मग १९८९. इथे धागा तुटतो. पूर्व जर्मनीच्या सरकारने प्रवासाचे नवे नियम त्या दिवशी मंजूर केले होते, पण ते जाहीर व्हायचे होते दुसऱ्या दिवशी पहाटे. संध्याकाळच्या पत्रकार परिषदेला निघालेल्या, सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता ग्युंटर शाबोवस्कीच्या हातात कागद पडला, तो त्याने नीट वाचलेला नव्हता. सातच्या थोडे आधी, हे कधीपासून लागू, असे पत्रकारांनी विचारल्यावर कागद चाळत तो म्हणाला, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब. परिषद थेट प्रक्षेपित होत होती. लोक चौक्यांवर लोटले. बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या चौकीवरचा अधिकारी हाराल्ड येगर वरिष्ठांना फोन करत राहिला, स्पष्ट उत्तर मिळेना, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास त्याने फाटक उघडले. पश्चिम जर्मनीचा चॅन्सेलर हेल्मुट कोल त्या रात्री देशात नव्हताही, तो वॉर्सात पाहुणा होता.

शाबोवस्कीने कागद नीट वाचला असता तर आपण बहुधा १० नोव्हेंबर साजरा करत असतो. १९१८ किंवा १९३८ चा इथे काडीचा संबंध नाही. लोक ‘नियतीचा दिवस’ म्हणून चौघांना एका माळेत ओवतात, तेव्हा या रात्रीच्या सामान्य माणसांच्या धैर्याचे श्रेय एका आकड्याला जाते, हे मला खटकते.

तारखेचा परिणाम मात्र नंतर झाला. एकीकरणानंतर राष्ट्रीय दिवस कोणता, हा प्रश्न आला तेव्हा ९ नोव्हेंबर साहजिकच सुचवला गेला. १९३८ च्या रात्रीवर आनंदोत्सव करता येणार नाही, म्हणून तो नाकारला गेला. ३ ऑक्टोबर ही तारीख ठरली ती बरीचशी व्यवहारातून. पूर्व जर्मनीच्या संसदेने २२ ऑगस्ट १९९० ची रात्र उलटून गेल्यावर मतदान घेतले. युरोपीय सुरक्षा परिषदेच्या परराष्ट्रमंत्र्यांची १-२ ऑक्टोबरची बैठक होऊ द्यायची होती, आणि ७ ऑक्टोबरला पूर्व जर्मनीचा एक्केचाळिसावा वर्धापनदिन यायच्या आत ते राज्यच विसर्जित करायचे होते. त्यामुळे मधला दिवस मिळाला.

मुद्दाम निवडलेल्या तारखा ओळखायच्या तर एक सोपी खूण आहे: निर्णय आधी तयार होता आणि अंमल थांबवून ठेवला. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली. नागरिकत्वासारखी काही कलमे लगेच लागू झाली, बाकीची दोन महिने थांबली, कारण २६ जानेवारी १९३० ला पूर्ण स्वराज्याचा दिवस पाळला गेला होता. १८ जानेवारीही तशीच. १७०१ मध्ये कोनिग्सबेर्गला प्रशियाचा पहिला राजा अभिषिक्त झाला, म्हणून १८७१ मध्ये व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा त्याच दिवशी झाली. फ्रान्सने १९१९ ची शांतता परिषद पॅरिसमध्ये १८ जानेवारीलाच उघडली आणि अध्यक्ष प्वांकारेने आपल्या भाषणात अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची आठवण करून दिली. इथे पुरावा खुद्द त्यांच्याच तोंडचा आहे.

उलट काही जोड्या नंतरच्या लोकांनी जुळवलेल्या असतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला, पौष शुद्ध अष्टमीला झाली. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते, म्हणून ‘संक्रांतीच्या दिवशी पानिपत झाले’ असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते. पण संक्रांत सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षे आधी संक्रांत दहाच्या आसपास येऊन गेली होती. ‘मराठ्यांवर संक्रांत कोसळली’ हे वाक्य लिहायला कितीही जोरदार वाटले, तरी त्या दिवशी संक्रांत नव्हती.

शेक्सपिअर आणि सर्व्हांतेस ‘एकाच दिवशी’, २३ एप्रिल १६१६ ला गेले, ही जोडीही तशीच. स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगोरियन पंचांग होते, इंग्लंडमध्ये ज्यूलियन. शेक्सपिअरची २३ एप्रिल ही स्पेनच्या हिशेबाने ३ मे होते. शिवाय सर्व्हांतेस २२ ला वारला आणि २३ ला त्याचे दफन झाले. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्यूलियन आहे. ग्रेगोरियनप्रमाणे ती १६ जून येते. सरकारी आणि रूढ तारीख म्हणून ६ जून लिहिण्यात काही चूक नाही. पण तिच्याशेजारी त्याच काळातली फ्रान्स किंवा पोर्तुगालमधली घटना ठेवून ‘याच दिवशी’ म्हणू नये.

घड्याळाचेही तेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची शरणागती मध्य युरोपच्या वेळेने ८ मे १९४५ ला रात्री ११:०१ ला अमलात आली, तेव्हा मॉस्कोत ९ मे उजाडली होती. म्हणून पश्चिमेत विजयदिन ८ ला, रशियात ९ ला. आणि दोन दिवस चाललेल्या घटनांत कोणता दिवस धरायचा हे परंपरा ठरवते. नेपोलियनचे सत्तांतर ९ नोव्हेंबर १७९९ च्या नावावर आहे, पण पॅरिसजवळच्या सां-क्लूला सैनिकांनी संगिनी रोखून सभागृह रिकामे केले ते १० ला. ९ नोव्हेंबरच्या यादीत तुम्हाला हे नाव दिसले असेल, तर तेही जर्मन माळेत ओवू नका.

तुमच्या यादीसाठी मी असे सुचवेन. ९ नोव्हेंबरच्या पानावर महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १९६२ मधले निधन असेल, २००० मधली उत्तराखंडची स्थापना असेल, त्या नोंदी आपापल्या जागी स्वतंत्र राहू द्या. १९२३ च्या नोंदीत ‘८-९ नोव्हेंबर’ आणि १९३८ च्या नोंदीत ‘९-१० नोव्हेंबरची रात्र’ असे लिहा. १९३८ ला ‘१९२३ च्या उठावाच्या वार्षिक सोहळ्यासाठी नाझी पुढारी म्युनिकमध्ये जमले असताना’ हे शब्द जरूर जोडा, जागा कमी असेल तर दुसरे काहीतरी कापा. १९८९ च्या नोंदीत आधीच्या तिघांचा उल्लेख नको, त्याऐवजी बोर्नहोल्मर श्ट्रासेचे नाव आणि रात्रीची वेळ द्या.